कैरीचं कॉकटेल: बाटली उघडायच्या आधीच बिघडतं ते

मार्च संपत आला की कुणी ना कुणी माझ्या हातात ग्लास देतं आणि विचारतं, "बघ ना, पन्ह्याचं कॉकटेल केलंय, काय कमी पडलंय?" कमी सहसा काहीच पडलेलं नसतं. साखर जास्त असते, वेलची जास्त असते, आणि पाणी तर हमखास जास्त असतं. घरात चैत्रात करतात ते पन्हं जगात भारी, पण ते तसंच्या तसं दारूत ओतलं की दोन्हींची वाट लागते. पन्ह्यात आधीच पाणी असतं, मग बर्फाचं पाणी, वर सोडा. तिसऱ्या घोटाला ग्लासात उरतं ते गोडसर, वेलचीच्या वासाचं कोमट पाणी.

म्हणून इथे पन्हं करायचंच नाही. घट्ट गर करायचा, आणि तो ग्लासात पहिल्यांदाच पातळ व्हायला हवा. बाकीची सगळी कृती म्हणजे याच एका गोष्टीची काळजी. प्रत्यक्ष कॉकटेल करायला दोन मिनिटं लागतात. तयारीला आदला दिवस लागतो. सकाळी ठरवून संध्याकाळी पाहुण्यांना द्यायचं असेल तर सरळ लिंबू-सोडा करा, त्यात कमीपणा काही नाही.

काय काय लागेल (आठ ग्लास)

कैऱ्या ६०० ते ७०० ग्रॅम. साखर २०० ग्रॅम (किंवा साधा गूळ २२० ग्रॅम). मीठ अर्धा चहाचा चमचा. वेलच्या दोन. केशराच्या सहा-सात काड्या, असल्या तर. जिन, व्होडका, पांढरी रम किंवा काजू फेणी यांपैकी एकच काहीतरी, ३६० मिली, म्हणजे बरोबर दोन क्वार्टर. साध्या सोड्याच्या ३०० मिलीच्या तीन छोट्या बाटल्या. एक लिंबू. पुदिना. आणि बर्फ, तुम्हाला वाटतो त्याच्या दुप्पट.

भांडी घरातलीच: पुरणाची चाळण, चहाची गाळणी, झाकण घट्ट बसणारा फिरकीचा स्टीलचा डबा (हाच आपला शेकर), आणि पेगचं माप. माप नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरची प्लॅस्टिकची टोपी धुऊन घ्या. तिच्यावर ५, १०, १५ मिलीच्या रेषा असतात आणि त्या बारमधल्या मापाइतक्याच कामाच्या असतात.

> आधी हे बघा: महाराष्ट्रात हार्ड लिकरसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि पिण्याचा परवानाही लागतो. त्या आठवड्यात ड्राय डे नाही ना, हेही कॅलेंडरवर बघून ठेवा. फेणीची बाटली गोव्याहून गाडीत टाकून आणू, असा बेत असेल तर आधी परवान्याची चौकशी करा. बांदा-इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात.

## १. कैरी निवडा, चीक काढा

बाजारात तीन प्रकार सहज मिळतात. राजापुरी मोठी, गर भरपूर, आंबटपणा मध्यम. या कामाला हीच उत्तम. तोतापुरी चोचीसारख्या टोकाची, कमी आंबट, मीठ-तिखट लावून खायला छान, पण ग्लासात तिची धार राहत नाही. गावठी रायवळ कैरी लहान, कोय मोठी आणि आंबट अशी की डोळे मिटावेत. रायवळच मिळाली तर खुशाल घ्या, फक्त साखर नंतर चाखून थोडी वाढवावी लागेल आणि गर कमी निघतो म्हणून पाव किलो कैरी जास्त घ्या.

कैरी टणक हवी. देठाजवळ दाबून बोट जरासंही रुतत असेल किंवा वास घेतल्यावर आंब्याचा गोडसर वास आला तर ती पिकायला लागली आहे. तिचा गर पिवळा आणि चवीला मधलाच कुठलातरी होतो, ना कैरी ना आंबा.

परदेशात असाल तर भारतीय दुकानात गोठवलेल्या कैरीच्या फोडी मिळतात, त्या चालतात. थाई दुकानातली हिरवीगार कैरी बऱ्याचदा कच्ची खायच्या जातीची असते आणि आंबटपणाला कमी पडते. तिच्याबरोबर लिंबू जास्त लागेल असं धरूनच चाला.

घरी आणल्यावर देठाकडची चकती अर्धा सेंटिमीटर कापून टाका आणि कैऱ्या तासभर पाण्यात बुडवून ठेवा. देठातून निघणारा चीक पाण्यात उतरतो. ही पायरी गाळली तर पिणाऱ्याच्या ओठांना आणि घशाला खाज सुटते, आणि यजमान बिचारा दारूवर संशय घेत बसतो.

## २. शिजवा, पण पाणी लागू न देता

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात. कैऱ्या पातेल्यात पाणी घालून उकडतात, मग गर पाणी पितो आणि आंबटपणा पाण्यात उतरून सिंकमध्ये जातो.

१. कुकरमध्ये तळाला दोन वाट्या पाणी घाला.
२. कैऱ्या सालासकट, अख्ख्या, कुकरच्या डब्यात ठेवा. डब्यात थेंबभरही पाणी नको.
३. डब्यावर झाकण ठेवा. हे विसरू नका, नाहीतर कुकरच्या झाकणावरचं वाफेचं पाणी आत ठिबकतं.
४. मध्यम कैरीला तीन शिट्या, मोठ्या राजापुरीला चार-पाच.
५. कुकर आपोआप गार होऊ द्या.

कच्चीच कैरी किसून मिक्सरमधून काढण्याचा मोह होतो, कारण रंग हिरवागार दिसतो. करू नका. कच्च्या कैरीत पिष्ट असतं, ते न शिजता ग्लासात आलं तर जिभेवर खडूसारखं लागतं आणि तळाशी साका बसतो.

भाजलेली कैरी हा वेगळा मार्ग. गॅसवर जाळी ठेवून साल काळी पडेपर्यंत भाजायची. धुरकट चव येते, ती काळ्या रमशी किंवा फेणीशी जुळते. जिनमध्ये मात्र ती सगळं झाकून टाकते. पहिल्या वेळी उकडलेलीच करा.

> तपासा: झाकण काढल्यावर साल फाटलेली किंवा खाकी-पिवळी पडलेली दिसली पाहिजे. सुरीचं टोक कोयीपर्यंत लोण्यासारखं गेलं पाहिजे. मध्ये अडलं तर आणखी एक शिटी.

## ३. गर काढा आणि चाळून घ्या

कैरी कोमट झाली की साल हातानेच सुटते. सालीला आतून चिकटलेला गर चमच्याने खरवडा, कोयीवरचा बोटांनी पिळून काढा. कोय धुऊन ते पाणी गरात घालायची आईची सवय इथे सोडून द्यायची.

मग पुरणाची चाळण. मिक्सर फिरवून चाळू नका, आधी चाळा. मिक्सरमध्ये कैरीचे दोर बारीक तुटतात आणि मग ते कुठल्याच चाळणीत अडकत नाहीत, थेट दातांत अडकतात. चाळणीवर गर ओतून वाटीच्या बुडाने घासा. पुरणयंत्र असेल तर त्याची बारीक जाळी लावा, पाच मिनिटांचं काम.

आता वजन करा. साधारण ३०० ग्रॅम गर मिळायला हवा. कमी-जास्त भरला तर पुढचं सगळं प्रमाण त्या हिशेबाने बदला: गर तीन भाग, साखर दोन भाग.

> इशारा: गर स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यातच ठेवा. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा कल्हई उडालेलं पितळी भांडं आंबटाला लागतं, चवीत धातू उतरतो.

## ४. गोडी, मीठ, वास

पन्ह्याला गराच्या दीडपट-दुप्पट साखर किंवा गूळ घालतात. कॉकटेलला ती गोडी घशात बसते, कारण इथे पाणी फार कमी आहे. म्हणून ३०० ग्रॅम गराला २०० ग्रॅम साखर, आणि तीही गर गरम असतानाच. गार गरात साखर तासभर घोटली तरी कण राहतात. गर पुन्हा मंद आचेवर ठेवा, साखर घाला, ढवळत राहा, साखर विरघळली की लगेच गॅस बंद. उकळत ठेवलंत तर तो साखरांबा होईल. चांगला लागेल, पण पोळीबरोबर.

साखर की गूळ, यावर वाद घालण्यात अर्थ नाही, दारू बघून ठरवा. जिन, व्होडका, पांढरी रम असेल तर साखर. फेणी किंवा काळी रम असेल तर गूळ. गूळ स्वतःची चव घेऊन येतो, जिनच्या नाजूक वासावर तो बसला की जिनचे पैसे पाण्यात. गूळ वापरणार असाल तर दोन-तीन चमचे पाण्यात विरघळवून आधी गाळून घ्या, चांगल्या गुळातही खडे आणि उसाचे तुकडे निघतात. चिक्कीचा गूळ घेऊ नका, तो गार झाल्यावर तारा धरतो.

मीठ अर्धा चमचा, आणि ते गरातच घालायचं. याचं कारण आठव्या पायरीत कळेल. पादेलोण टाळा. त्याचा गंधकाचा वास जलजिऱ्यात हवाहवासा वाटतो, इथे अंड्यासारखा येतो. भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली तर मग ते जलजिरंच झालं, त्याला कॉकटेल म्हणू नका.

वेलची दोनच, फक्त दाणे, ताजे कुटलेले. जिनबरोबर एकच, कारण जिनमध्ये आधीच जुनिपर आणि धने वगैरेंचा वास असतो, त्यात वेलचीची गर्दी कशाला? केशर चमचाभर गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला. ते रंगासाठी आहे. उकडलेल्या कैरीचा रंग खाकी असतो आणि पाहुणे आधी डोळ्यांनी पितात. केशर नसेल तर रंग खाकी राहू द्या, खाण्याचा पिवळा रंग मात्र घालू नका. तो जिभेवर, गाळणीवर आणि पांढऱ्या शर्टावर, तिन्हीकडे राहतो.

चव कशी बघायची? गर तसाच चमच्याने चाटला तर तो अतिगोड आणि अतिआंबट दोन्ही लागतो, त्यावरून काही कळत नाही. गरम असताना तर मुळीच बघू नका, कारण गरम पदार्थ जास्त गोड लागतो आणि गार झाला की गोडी दबते. अशी चाचणी घ्या:

- एका वाटीत एक चमचा गर, साडेतीन चमचे बर्फाचं पाणी. ढवळा. चाखा.
- पन्ह्यापेक्षा किंचित आंबट लागलं पाहिजे. जीभ जराशी आवळली पाहिजे.
- अगदी पन्ह्यासारखं लागलं तर गोड झालं आहे: गरात लिंबाचा रस चमचाभर.
- तोंड वाकडं झालं तर २० ग्रॅम साखर वाढवा, पुन्हा गरम करा, पुन्हा चाचणी.

कैरी झाडागणिक बदलते, कुठल्याही लेखातलं प्रमाण तुमच्या कैरीला माहीत नसतं. या लेखातलंही.

## ५. सगळं गार करा. सगळं म्हणजे सगळं

गर फ्रिजमध्ये किमान चार तास, शक्यतो रात्रभर. गार झाल्यावर तो घट्ट होतो, तेच हवं. चमचा तिरका केल्यावर पातळ मधासारखा ओघळला पाहिजे. श्रीखंडासारखा गोळा पडत असेल तर दोन चमचे पाणी घालून सारखा करा.

दारूची बाटली फ्रीझरमध्ये. घाबरू नका, गोठत नाही. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांवर ती फक्त जराशी दाट होते. सोड्याची बाटली मात्र फ्रीझरमध्ये विसरलात तर फुटते. ती फ्रिजच्या सगळ्यात गार खणात ठेवा. गार सोड्यात वायू टिकतो, कोमट सोडा उघडताच निम्मा उडून जातो. ग्लासही अर्धा तास आधी फ्रिजमध्ये. आठही एकदम मावत नसतील तर पाळी लावा.

आता बर्फ. एका ग्लासाला डब्यात हलवायला पाच-सहा क्यूब आणि ग्लासात चार-पाच, म्हणजे साधारण दहा. घरच्या ट्रेमध्ये बारा-चौदा क्यूब असतात. हिशेब सोपा आहे: माणशी जवळजवळ एक ट्रे, आणि तोही फक्त पहिल्या ग्लासाचा. दोन दिवस आधीपासून ट्रे भरा, निघालेले क्यूब पिशवीत बांधून साठवा आणि पुन्हा भरा. पिशवी बांधलेलीच हवी. आमच्याकडे एकदा त्याच फ्रीझरमध्ये बोंबलांचं पाकीट होतं. त्या संध्याकाळी प्रत्येक ग्लासात समुद्रकिनारा होता.

कमी बर्फ घातला की पेय कमी पातळ होईल, असा एक पक्का गैरसमज आहे. उलट होतं. दोन क्यूब एकटे पडतात, भराभर वितळतात आणि पेयही गार करत नाहीत. ग्लास बर्फाने भरला की सगळे एकमेकांना गार धरून ठेवतात आणि कमी वितळतात.

> इशारा: दुकानातून आणलेला लादीचा बर्फ बादलीत बाटल्या गार करायला वापरा. पोटात जाणारा बर्फ घरच्या पिण्याच्या पाण्याचाच हवा.

## ६. मापून घ्या

एका ग्लासाला:

- दारू ४५ मिली
- गर ४५ मिली (तीन टेबलस्पून, सपाट)
- सोडा ९० मिली
- चाचणीत गरज वाटली तर लिंबाचे चार-पाच थेंब

"अंदाजे ओतलं" हे वाक्य मला चालत नाही. गोड आणि आंबट पेयात दारूची धार कळत नाही, ओतणाऱ्यालाही नाही आणि पिणाऱ्याला तर नाहीच. ४५ मिली म्हणजे दीड पेग. तिसऱ्या ग्लासाला साडेचार पेग झालेले असतात आणि माणूस म्हणत असतो, "छे, याच्यात काही दारूच नाहीये."

फेणी पहिल्यांदाच वापरत असाल तर ३० मिलीच घ्या. तिचा वास दांडगा असतो. सवय नसलेल्याला ४५ मिलीत फक्त फेणीच लागते, कैरी कुठे गेली कळत नाही. हुर्राक मिळाला असेल (तोही काजूच्या बोंडूंचाच, पण एकदाच गाळलेला, फेणीपेक्षा बराच सौम्य) तर त्याला ही मापं लागू नाहीत. हुर्राकाला मिठाची चिमूट, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबाचा सोडा पुरे. त्यात कैरीचा गर घालू नका. हुर्राकाचा हंगाम एवढासा, त्यात पुन्हा भेसळ कशाला?

## ७. हलवा, पंधरा सेकंद

१. फिरकीच्या डब्यात आधी गर, मग दारू. चमच्याने एकदा ढवळा, गर तळाला चिकटून राहायला नको.
२. पाच-सहा क्यूब बर्फ. डबा दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.
३. झाकण घट्ट. डबा नॅपकिनमध्ये गुंडाळा.
४. दोन्ही हातांनी, खांद्यावरून मागे-पुढे, बारा ते पंधरा सेकंद. जोर लावा, बाळाला जोजवताय असं नको.

डब्याला बाहेरून दव धरलं आणि हात दुखण्याइतका गार लागला की झालं. इतक्या वेळात चहाचे चार चमचेभर पाणी आत वितळतं आणि ते हवंच असतं. दारूची जळजळ तेच मोडतं. मिनिटभर हलवलंत तर मात्र पुन्हा पाणचट पन्ह्यावर येऊन पोचाल.

झाकण कधीकधी गारठ्याने आवळून बसतं. आपटू नका, झाकणाच्या कडेवर गरम ओला रुमाल दहा सेकंद धरा.

> इशारा: डब्यात सोडा कधीही घालायचा नाही. माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर २०१९ पासून एक पिवळा डाग आहे. नेम चांगला होता एवढंच म्हणतो.

## ८. ग्लास भरण्याचा क्रम

इथला क्रम उलटा झाला तर आधीची सगळी मेहनत दिसतच नाही.

१. गार ग्लासात नवा बर्फ, काठापर्यंत. डब्यातला बर्फ पुन्हा वापरायचा नाही, तो अर्धा विरघळलेला असतो.
२. निम्मा सोडा, ४५ मिली, ग्लास तिरका धरून.
३. त्यावर डब्यातलं मिश्रण चहाच्या गाळणीतून. गाळणी बर्फाचे चुरे आणि उरलासुरला दोर अडवते.
४. वरून उरलेला ४५ मिली सोडा.
५. लांब चमचा तळापर्यंत घालून एकदा हळूच वर उचला. बस्स.

मिश्रण जड असतं. ते आधी ओतून वर सोडा घातला तर खाली गर, वर सोडा असे दोन थर राहतात. मग पाहुणा स्ट्रॉने खळखळ ढवळतो आणि सगळा वायू उडवून टाकतो. सोडा खाली असला की जड मिश्रण त्याच्यातून खाली उतरताना आपोआप मिसळतं.

आणि आता मिठाची गोष्ट. सोडा असलेल्या ग्लासात वरून मीठ भुरभुरलं की फस्सकन फेस येतो, टेबलावर सांडतो आणि ग्लासातला सोडा मेलेला असतो. मिठाच्या प्रत्येक कणावर वायूचे बुडबुडे धरतात. म्हणून मीठ गरातच विरघळलेलं हवं. गर नीट चाळला नसेल तर कैरीचे कणसुद्धा हेच करतात. ग्लास भरताना फेस फार आला तर तिसऱ्या पायरीवर आळस झाला आहे असं समजा.

> तपासा: तयार ग्लास उजेडात धरा. वरपासून खालपर्यंत एकच रंग, बर्फ वर डोकावतोय, कडेने बारीक बुडबुडे चढतायत. खाली गडद पट्टा दिसला तर चमचा आणखी एकदाच, तळापासून.

## ९. काठ आणि पुदिना

काठाला मीठ-तिखट लावायचं तर ग्लास भरायच्या आधी. लिंबाची फोड काठाच्या फक्त अर्ध्या भागावर, बाहेरून फिरवा. बशीत दोन भाग बारीक मीठ, एक भाग लाल तिखट. त्यात काठ टेकवा. आतल्या बाजूला लागलेलं मीठ बोटाने पुसा, ते आत पडलं तर पुन्हा तोच फेस. अर्धाच काठ अशासाठी की ज्याला नको त्याला दुसऱ्या बाजूने पिता येतं.

पुदिन्याचा शेंडा तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक टाळी द्या आणि ग्लासात खोचा. वास सुटायला एवढं पुरतं. कुटलेला पुदिना काळा पडतो, कडवट होतो आणि दातात जातो. कैरीची एक पातळ उभी चकती काठाला लावा. छत्री लावू नका.

## आठ जणांना एकदम द्यायचं असेल तर

आठ वेळा डबा हलवत बसलात तर तुमचा स्वतःचा ग्लास दहा वाजता हातात येतो. त्यापेक्षा दुपारीच जगमध्ये ३६० मिली दारू, ३६० मिली गर आणि १६० मिली पिण्याचं पाणी एकत्र करून, ढवळून, फ्रिजमध्ये चार तास ठेवा. पाणी विसरू नका, हलवताना बर्फातून जे आलं असतं त्याची ती भरपाई आहे. वाढताना जग ढवळा (गर खाली बसतो), ग्लासात बर्फ, निम्मा सोडा, ११० मिली मिश्रण, उरलेला सोडा. सोडा जगमध्ये नाही, प्रत्येक ग्लासात ताजा.

न पिणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी तोच गर, सोडा जास्त. पण त्यांचा जग वेगळ्या आकाराचा ठेवा. रंग दोन्हींचा सारखाच असतो आणि चिठ्ठी कुणी वाचत नाही. आमच्याकडे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या आदल्या रात्री मित्र आले होते, उरलेला जग फ्रिजमध्ये राहिला. दुसऱ्या दिवशी काकूंनी आंब्याच्या डाळीबरोबर त्यातलं अर्धं भांडं घेतलं आणि म्हणाल्या, "यंदाची कैरी जरा उग्र निघाली हो." मग आणखी अर्धं घेतलं. आता तो जग फ्रिजच्या वरच्या खणात, मागे, वेगळ्या झाकणाचा असतो.

गाडी चालवणाऱ्यालाही दुसराच जग. आणि खायला काहीतरी आधी द्या. उन्हातून आलेल्या, रिकाम्या पोटाच्या माणसाला हे पेय फार लवकर चढतं. आल्याबरोबर साधं पाणी, मग शेंगदाणे, मग ग्लास.

## बिघडलंच तर

पाणचट झालं. वरून दारू ओतू नका, चव सुधारत नाही आणि ग्लास भारी होतो. दोन चमचे गर घाला, तळापासून एकदा उचला.

फार गोड. लिंबाचे थेंब आणि थोडा सोडा. पुढच्या ग्लासाला गर ३५ मिली.

कडवट. कैरीची साल किंवा कोयीचा आतला भाग गरात गेला आहे, नाहीतर पुदिना चुरडला आहे. सालीचा कडवटपणा साखरेने जात नाही, तो गर पन्ह्यासाठी ठेवा; भरपूर पाणी आणि गुळात खपून जातो.

घशाला खवखव. चीक राहिला. आता काही करता येत नाही, पाहुण्यांना पाणी द्या आणि पहिली पायरी पुन्हा वाचा.

फसफस नाही. सोडा कोमट होता, किंवा मोठी बाटली तासभर उघडी होती. म्हणून तर छोट्या बाटल्या.

नुसती दारूच लागते. मापलं नाहीत.

## उरलेला गर

काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने काढत राहिलात तर फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकतो. बुडबुडे दिसले किंवा झाकण उघडताना फुस्स आवाज आला तर तो आंबायला लागला आहे, टाकून द्या. जास्त दिवस ठेवायचा तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा आणि क्यूब पिशवीत भरा. साखरेमुळे ते दगडासारखे कडक होत नाहीत, डब्यात दारूबरोबर थेट टाकून हलवता येतात. दोन क्यूब म्हणजे एक ग्लास. जूनमध्ये पहिला पाऊस पडतो त्या संध्याकाळी बाजारातली कैरी संपत आलेली असते, तेव्हा हे क्यूब आठवतात.